कथलाची सात ताटं

ज्या वर्षी थोरल्याच्या घरी डिशवॉशर आला आणि धाकट्याची बायको रुसून माहेरी जाऊन, कोणी न्यायला येत नाही असं दिसल्यावर आपणहून परत आली, त्याच वर्षी आईला नव्वदावं लागलं. डोळे तर आधीच गेले होते. कान मात्र असे तिखट की शेजारच्या खोलीत कोणी चमचा जोरात ठेवला तरी ती विचारायची, "कोणावर राग काढताय?"

बाबा जाऊन वीस वर्षं झाली होती. पण त्यांच्या वाढदिवसाला सगळ्यांनी जुन्या घरी जेवायला यायचं आणि त्यांनी ओतलेल्या ताटांत जेवायचं, हे आईने सोडलं नव्हतं. बाजारात त्या धातूला प्यूटर म्हणतात. बाबा म्हणायचे कथील, म्हणून घरातही कथीलच. ताटं सात, सगळी एकाच साच्यातली. फरक फक्त काठावरच्या खुणेचा. ती खूण बाबा स्वतः कोरायचे. थोरल्याच्या ताटावर हातोडी, कारण तो लहानपणापासून आपटाआपट करायचा. धाकट्याच्या ताटावर मासोळी, कारण तो कोणाच्या हाती लागायचा नाही. ताईच्या ताटावर अर्धा चंद्र. थोरल्या सुनेने लग्नानंतर आल्या दिवशी कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते विचारलं होतं, म्हणून तिला किल्ली. धाकटीला पक्षी, आणि तो चोच उघडलेला. आईच्या ताटावर पान. बाबांच्या स्वतःच्या ताटावर नुसत्या तीन रेघा.

दरवर्षी टेबल आईच मांडायची. ताट हातात घ्यायचं, काठावरून अंगठा फिरवायचा, खूण लागली की त्या माणसाच्या खुर्चीपुढे ठेवायचं. बाबांचं ताट मधल्या खुर्चीपुढे रिकामं राहायचं.

त्या वर्षी मात्र आठवडाभर आधी तिने दोन्ही मुलांना फोन केला. दोघांना शब्द तेच.

"या वेळी बाबांचं ताट रिकामं ठेवणार नाही. मी ते एकाच्या पुढे ठेवीन. ज्याच्या पुढे ठेवीन त्याचं हे घर. वकिलाला सांगून ठेवलंय."

पूर्वी ही मंडळी जेवणाच्या वेळेला यायची आणि हात पुसता पुसता निघायची. त्या वर्षी आदल्या दिवशीच सामानासकट हजर झाली.

*

थोरल्याचा चमचे-काट्यांचा कारखाना होता. हॉटेलांना माल जायचा. त्याला जुनं घर हवं होतं ते गोदामासाठी. धाकटा दातांचा डॉक्टर. त्याला घर पाडून तिथे दवाखाना बांधायचा होता. आणि त्या घरात जिने आयुष्य काढलं, लग्न केलं नाही, आईची औषधं, जेवण, नखं, बडबड सगळं सांभाळलं, त्या ताईला घर हवं होतं ते राहायला. इतकं साधं कारण असल्यामुळे तिला कोणी ते विचारलंच नव्हतं.

आल्या दिवशी थोरल्याने तिला अंगणात गाठलं.

"ताई, घर माझ्याकडे आलं तरी तू काळजी करू नकोस. मागची खोली तुझी."

"मागच्या खोलीत चमच्यांची खोकी ठेवणार आहेस ना?"

"खोकी भिंतीला लावू. पलंगापुरती जागा राहील. तू फक्त आईच्या कानावर घाल."

तासाभराने धाकटा आला. त्याचा आवाज नेहमी भूल दिल्यानंतरचा, मऊ. "ताई, दादा तुला खोक्यांत झोपवेल. मी तुला छोटा फ्लॅट बघतो. दवाखान्याच्या वर."

"दात कोरायचं मशीन खाली घरघरणार आणि मी वर झोपणार."

"दुपारी बंद असतं ते."

"बरं," ताई म्हणाली. थोरल्यालाही ती बरंच म्हणाली होती. दोघांनाही वाटलं, ताई आपल्या बाजूची.

*

थोरलीला झोप लागली नव्हती. तिने कपाट उघडून ताटं पाहिली होती. काळपट, मंद, राखेत पडून राहिल्यासारखी. तिच्या घरात चमचासुद्धा असा की त्यात तोंड बघून टिकली लावावी. म्हातारीच्या एवढ्या मोठ्या दिवशी असली कळकट ताटं टेबलावर? शिवाय आईंना दिसत नसलं तरी हाताला गुळगुळीतपणा तर कळेल. कोणी केलं, असं त्या विचारतील. मग आपण खाली मान घालून म्हणायचं, मी. थोरलीने मान खाली घालण्याची उजळणीही केली.

आईने पूर्वी तिला शंभरदा सांगितलं होतं. कथील कोमट पाण्याने, थोड्या साबणाने, मऊ फडक्याने धुवायचं आणि लगेच कोरडं करायचं. घासायचं नाही. काळं होतं ते होऊ द्यायचं. एकदा थोरलीने राख हातात घेतलेली पाहून आई म्हणाली होती, "काळं झालंय म्हणून घासायचं असेल तर आधी मला घास." थोरलीने हे सासूचं खवचट बोलणं म्हणून लक्षात ठेवलं होतं. भांड्याबद्दल होतं हे तिच्या डोक्यातच शिरलं नव्हतं.

सकाळी आई न्हाणीघरात गेली तशी तिने सातही ताटं चादरीत गुंडाळली. कारखाना गाडीने जवळच. दोन्ही हात अडकलेले, म्हणून दाराशी येऊन ती म्हणाली, "ताई, जरा दार धरता का?"

ताई चमचे पुसत होती. चादरीच्या कोपऱ्यातून काळा काठ दिसत होता. "कुठे निघालीस?"

"आईंना गंमत दाखवायची आहे. जरा चकचकीत करून आणते. सांगू नका हं."

ताईचं बालपण बाबांच्या भट्टीपाशी गेलं होतं. कथील किती मऊ, आणि धातू घासून चमकवणारं कारखान्यातलं बफचं चाक त्याचं काय करतं, हे तिला माहीत होतं. त्या खुणा कोरल्या होत्या नखाने खरवडल्यासारख्या, वरवर. स्टील घासायच्या चाकाखाली त्या एका फेऱ्यात जातील. आईचा अंगठा काठावरून फिरेल, काही लागणार नाही. ती विचारेल हे कोणाचं काम. आणि मग थोरली, थोरला, खोकी, गोदाम, सगळं एका दमात घराबाहेर.

धाकट्याचं नंतर बघू, असं ताईला वाटलं.

तिने दार धरलं. पायरीवर थोरलीचा पाय अडखळला तर "सांभाळून" असंही म्हणाली.

*

धाकटी विम्याची एजंट होती. समोरचा नाही म्हणायच्या आत तिचं पुढचं वाक्य तयार असायचं. थोरलीची गाडी परत आलेली तिने खिडकीतून पाहिली, चादर पाहिली आणि चादरीतून चमकणारा काठ पाहिला. जाऊबाईंनी काहीतरी केलंय. आता आपण काय करायचं?

ताटांव्यतिरिक्त बाबांनी ओतलेलं एक मोठं वाडगं होतं, सूप वाढायचं. आईला सूप गरम लागायचं आणि टेबलावर येईपर्यंत ते निवायचं, ही तिची जुनी तक्रार. धाकटीच्या घरी स्टीलची वाडगी ओव्हनमध्ये तापवून मग सूप ओतायची पद्धत होती. तिने वाडगं ओव्हनमध्ये ठेवलं, बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि फोनवर एका गिऱ्हाइकाला मृत्यूची शक्यता समजावून सांगत बाहेर गेली.

परत आली तेव्हा थोरली ओव्हनपुढे उभी होती.

"यात काय ठेवलं होतंस?"

"वाडगं. का?"

"'वाडगं होतं' असं म्हण."

धाकटीने वाकून पाहिलं. वाडगं जाळीवर अर्धं बसलं होतं, दमलेल्या म्हाताऱ्यासारखं. उरलेलं जाळीतून ओघळून खाली साचलं होतं, आणि फार सुंदर चमकत होतं.

"हे वितळलं?" धाकटी म्हणाली. "भांडं वितळतं?"

"मग सासरे भट्टीत काय वितळवत होते? कथील आहे ते." थोरली पुढे काही बोलणार होती, पण धाकटीची नजर चादरीकडे गेली. तिने चादरीचा कोपरा उचलला. वरचं ताट आरशासारखं. तिने काठावरून बोट फिरवलं. दुसरं काढलं, तिसरं काढलं.

"जाऊबाई, माझा पक्षी कुठाय?"

थोरलीने ताट हातात घेतलं. खिडकीपाशी नेऊन तिरकं धरलं. किल्ली नव्हती. हातोडीही नव्हती. तिला इतका वेळ नुसती चमक दिसली होती.

दोघी जावा लग्न झाल्यापासून एकमेकींशी तोंडदेखलं बोलत होत्या. त्या क्षणी मात्र सख्ख्या बहिणींसारख्या एकमेकींच्या जवळ आल्या.

"मी वाडग्याचं काही पाहिलं नाही," थोरली म्हणाली.

"मी ताटांचं काही पाहिलं नाही."

"सूप पातेल्यातूनच वाढू."

"आईंना पातेल्यातलंच आवडतं, असं म्हणू."

*

टेबलाशी सगळे बसले. थोरल्याने आपल्या कारखान्यातला नवा चमचे-काट्यांचा संच आणला होता. रात्री जेवणात वापरून तो धाकटीने मिठाच्या पाण्यात भिजत घातला होता, स्वच्छ निघावा म्हणून. सकाळपर्यंत तो तसाच होता. ताईने पुसला तेव्हा काय व्हायचं ते होऊन गेलं होतं.

धाकट्याने काटा उजेडात धरला. "दादा, तुझ्या मालाला कीड लागली आहे."

"स्टेनलेस आहे ते. काही लागत नाही त्याला."

"हे बघ. बारीक खड्डे. पेशंट असता तर आज भरून टाकले असते."

"मिठात कोणी ठेवलं?" थोरला म्हणाला. "रात्रभर मिठात ठेवलं तर स्टील काय करेल?"

"मग डब्यावर लिही ना, जेवणापासून दूर ठेवा."

"स्टीलला डाग कमी पडतो रे," आई टोकाच्या खुर्चीवरून म्हणाली. "पडतच नाही असं तुझ्या विक्रेत्याने सांगितलं. मीठ, लिंबू लागलं की लगेच धुवावं, लगेच पुसावं. तारेने घासू नये. एवढं केलं तरी पुष्कळ टिकतं. आणा ताटं."

ताटं तिच्यापुढे रचून ठेवली गेली. थोरलीने मान खाली घातली नाही. छताकडे पाहिलं.

आईने वरचं ताट घेतलं. अंगठा काठावरून फिरला. एक पूर्ण फेरा झाला. पुन्हा फिरला, उलट दिशेने. तिने ते बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं. तिसरं घेताना तिचा हात सावकाश झाला. सातवं झालं तेव्हा ती अंगठा आपल्या पदराला पुसत होती, जणू दोष अंगठ्याचाच.

"हॉटेलची ताटं कशाला आणली?" ती म्हणाली. "आपली कुठायत?"

थोरलीने पुन्हा छताकडे पाहिलं.

"थोरल्या, तुझ्या कारखान्यातली का ही?"

"नाही आई. आपलीच आहेत. जरा..." त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने पातेल्याकडे. "जरा स्वच्छ झालीत."

 पातेल्यातल्या सुपावर साय धरली. मग आईने एकेक ताट उचललं आणि पत्ते वाटावेत तसं पुढे सरकवायला सुरुवात केली. "घ्या. हे एक. हे एक. यातलं एक त्यांचं आहे. कोणापुढे गेलं ते मला कळत नाही. तुम्हाला कळत असेल तर सांगा."

आता शहाणी माणसं इथे गप्प बसली असती. धाकट्याने आपल्यापुढचं ताट दोन्ही हातांनी तोललं.

"आई, मला वाटतं हे बाबांचं आहे. जरा जड लागतंय."

"एका साच्यातली आहेत," ताई म्हणाली.

"तरी. हाताला वेगळं वाटतं."

"दातांच्या डॉक्टरला वजन काय कळतं?" थोरला म्हणाला. "धातूत आयुष्य गेलं माझं. हे, माझ्यापुढचं, हे त्यांचं. आवाज ऐक." त्याने बोटाने ताट वाजवलं. धाकट्याने आपलं वाजवलं. आवाज एकच आला. थोरल्याने चमचा घेऊन वाजवलं, धाकट्याने काटा घेऊन. पासष्टीकडे झुकलेले दोन पुरुष शाळेची घंटा दिल्यासारखे ताटं बडवत बसले.

"अहो, थांबा," थोरली म्हणाली. नवऱ्याचा हक्क बुडतोय हे पाहून तिच्याने राहवेना. "मला माहीत आहे त्यांचं कुठलं ते. बाबांचं ताट मी बफवर सगळ्यात शेवटी धरायला सांगितलं. म्हणजे चादरीत ते सगळ्यात वर होतं. आईंनी ते पहिलं बाजूला ठेवलं, म्हणून वाटताना तळाशी राहिलं आणि शेवटी यांच्यापुढे आलं. म्हणजे हेच."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं. नवऱ्याने हळूच चमचा खाली ठेवला.

"पण जाऊबाई," धाकटीचं पुढचं वाक्य नेहमीप्रमाणे तयार होतं, "चादर सोडल्यावर मी वरची तीन काढून बघितली होती. परत ठेवताना उलटसुलट झाली. मग ते वरचं कसं?"

"तू बघितली नव्हतीस असं ठरलं होतं ना आपलं?"

"तुम्हीच आधी बोललात."

"मग वाडग्याचंही सांग सगळ्यांना. सांग की पातेल्यातून सूप का वाढतोय."

"कुठल्या वाडग्याचं?" धाकट्याने विचारलं.

"ओव्हनमध्ये आहे," थोरली म्हणाली. "अर्धं जाळीवर, अर्धं खाली."

ताई आपल्या ताटाकडे बघत होती. तिने योजलं त्यापेक्षा काम चांगलं झालं होतं. एका दगडात दोन्ही जावा. तिने आईचा सुपाचा चमचा उगाचच सरळ केला. या घरातली तिची खोली, तिची खिडकी, खिडकीखालचा तिचा पलंग, सगळं जागच्या जागी राहिलेलं तिला दिसलं.

"आणि मला एकटीलाच काय बघताय सगळे?" थोरली रडकुंडीला आली होती. "मी चोरून नेली का? ताईंनी बघितलं की. ताईंनी तर दार धरलं मला. सांभाळून जा म्हणाल्या."

आईने तोंड ताईच्या खुर्चीकडे वळवलं.

"ताई," आई म्हणाली, "दार धरलंस?"

"तिचे हात अडकले होते."

"बफवर नेते हे सांगितलं होतं तिने?"

"चकचकीत करते म्हणाली."

"चकचकीत कशाने करतात ते तिला नसेल कळत. तू भट्टीपाशी वाढलीस."

 ताईला पुष्कळ बोलता आलं असतं. की मी दमले आहे. की तुझ्या मुलांनी मला खोक्यांत आणि यंत्रावर झोपवायचं ठरवलंय. की एकदा तरी या घरात माझ्या मनासारखं व्हावं. पण ती इतकंच म्हणाली, "मला वाटलं, तू वहिनीवर चिडशील."

"चिडले असते," आई म्हणाली. "पण ती अडाणी आहे. दुसरी घाईची आहे. तुला कळत होतं." तिने आपल्यापुढचं ताट चाचपलं, कुणाचं ते ठाऊक नसलेलं. "मी ते तुझ्यापुढे ठेवणार होते. वकिलाच्या कागदावर तुझंच नाव घातलंय."

थोरला आणि धाकटा एकाच वेळी आईकडे बघू लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता.

"उद्या ते फाडायचं," आई म्हणाली. "घर विका. तिघांत सारखं वाटा. भांडू नका, सारखं म्हणजे सारखं. मला सगळे सारखेच दिसताय."

"आई, इतकं काही नाही," धाकटा मऊ आवाजात म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं. तरी विकण्याच्या नावाने त्याचे खांदे सैल पडले ते ताईला दिसलं.

"आणि तू कुठे राहणार?" थोरल्याने विचारलं. प्रश्न मोठ्या मायेचा होता. लगेच त्याने जोडलं, "आमच्याकडे जिना आहे, एवढीच अडचण."

"आमच्याकडे दिवसभर कोणी नसतं," धाकटी म्हणाली.

ताईने विचारलं, "आणि मी कुठे जाऊ?"

"मी जाईन तिथे," आई म्हणाली. "माझ्याशिवाय तुला आणि तुझ्याशिवाय मला कोण घेतंय? सूप वाढा. गार झालंय ते एव्हाना."

*

घर त्याच उन्हाळ्यात विकलं गेलं. घेणाऱ्याने ते गोदामही केलं नाही, दवाखानाही नाही. पाडून गाड्या लावायला मोकळी जागा केली. थोरल्याने आणि धाकट्याने आपापली गाडी पुढे काही वेळा तिथेच लावली.

ताईच्या वाट्याला एका इमारतीत दोन खोल्या आल्या आणि आई आली. आईबरोबर तिचे नियम आले. काटे-चमचे धुवून ओलेच ठेवायचे नाहीत. सुरी पाण्यात बुडवून ठेवायची नाही. बोलाचाली रोज व्हायची. ताई म्हणायची, डोळे नाहीत तर कळतं कसं. आई म्हणायची, पाण्याचा डाग हाताला खरखरीत लागतो. या दोघींनी त्या दिवसाबद्दल परत कधी शब्द काढला नाही. ताईने एकदा ताटं विकून टाकू का विचारलं तेव्हा आई नुसतं म्हणाली, "ठेव. पुन्हा काळी होतील."

आई त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात गेली, दुपारी, जेवणाआधी. ताई तिच्यानंतर नऊ वर्षं जगली आणि त्याच दोन खोल्यांत, पावसाळा संपता संपता वारली. थोरला या नऊ वर्षांतल्या एका वर्षी कारखान्यातच हृदय बंद पडून गेला. धाकटा, त्याची बायको आणि थोरली हे लिहिताना हयात आहेत. दोघी जावा एकमेकींशी बोलत नाहीत.